गोल्डफिशच्या अंगावर जखम झाली आहे, औषध टाकू का?

ओंजळ
नमस्कार. घरी ९० लिटरचा टँक आहे. त्यात तीन गोल्डफिश, म्हणजे दोन ओरांडा आणि एक ब्लॅक मूर, शिवाय काच साफ राहावी म्हणून आणलेला एक सकर मासा. मोठ्या ओरांडाच्या डाव्या कुशीवरचे चार-पाच खवले निघालेत. खालची कातडी लाल दिसते आणि कडेला थोडं पांढुरकं आहे. खातो आहे, पण एरवी काचेजवळ कोणी आलं की धावत यायचा, तो आता स्पंज फिल्टरच्या मागे जाऊन बसतो.

दुकानदाराने मिथिलिन ब्लूची बाटली आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्यात. दोन्ही टँकमध्येच टाका म्हणाले. सासूबाई म्हणतात, जखम आहे तर चिमूटभर हळद टाक. माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी त्याच्याकडे जाते, त्यामुळे उगाच काही टाकून बिघडवायची भीती वाटते आहे. कोणी अनुभवी सांगेल का?

कोयनाकाठ
ताई, आधी काहीही टाकू नका. तो खातो आहे, म्हणजे आज रात्रीत काही होत नाही. एवढं सांगा:
सकर केवढा आहे? पाण्याची अमोनिया चाचणी केली आहे का? टँकमध्ये प्लॅस्टिकची झाडं, किल्ला, टोकदार दगड असं काही आहे का? आणि ते पांढरं कापसासारखं पाण्यात हलतं, की अंगाला चिकटून सपाट आहे?
पाणी पालिकेचं की बोअरचं, तेही लिहा.

ओंजळ
सकर वीतभर झाला आहे, आणला तेव्हा बोटाएवढा होता. पट्टीवर अमोनिया ०.५ च्या आसपास दिसतोय. प्लॅस्टिकची झाडं आहेत, किल्ला नाही. पांढरं सपाट आहे, हलत नाही. पाणी बोअरचं, सोसायटीच्या टाकीतून येतं.
आणखी एक. काल रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा दिवा लावल्यावर सकर ओरांडाच्या अंगाला चिकटलेला दिसला. मला वाटलं झोपले असतील.

कोयनाकाठ
मग जखमेचं कारण सापडलं. सकर मोठा झाला की शेवाळावर त्याचं भागत नाही. गोल्डफिश संथ, रुंद आणि अंगावर भरपूर बुळबुळ असलेला मासा. रात्री सकर त्याला चिकटून ती बुळबुळ खरवडतो आणि खालचे खवले निघतात. डिस्कस नावाच्या चपट्या माशाच्या बाबतीतही हेच होतं. सकरला आजच्या आज वेगळा करा, बादलीत ठेवलात तरी चालेल, फक्त हवेचा पंप लावा. तो तिथे असेपर्यंत कुठल्याही औषधाने ही जखम भरणार नाही, कारण रोज रात्री ती नव्याने होणार.

सागरगोटा
मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, आता कोळंबीच्या कामात आहे, पण घरचे टँक सुटलेले नाहीत. जरा लांब लिहितो, कारण जखम म्हणजे माशाला नेमकं काय होतं हे कळलं की काय करायचं ते आपोआप कळतं.

आपल्या कातडीवर मृत पेशींचा कोरडा थर असतो. माशाच्या कातडीचा सगळ्यात वरचा थरही जिवंत असतो, तो खवल्यांच्या वरून जातो आणि त्यावर बुळबुळीचं आवरण असतं. खवला उपटला गेला म्हणजे ही जिवंत कातडी फाटलीच. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातल्या द्रवात लिटरमागे साधारण ९ ग्रॅम क्षार असतात, बाहेरच्या पाण्यात त्याच्या तुलनेत जवळपास काहीच नसतात. त्यामुळे पाणी सतत अंगात शिरू पाहतं आणि क्षार बाहेर जाऊ पाहतात. धडधाकट मासा मूत्रपिंडाकरवी पाणी बाहेर टाकत राहतो आणि कल्ल्यांतून क्षार ओढून घेतो. जखम झाली की त्या जागी कुंपणच उरत नाही. मोठ्या जखमेचा मासा बऱ्याचदा जंतूंच्याही आधी या ओढाताणीने थकतो.

मीठ उपयोगी पडतं ते यासाठी. जंतू मारायला नाही, ही ओढाताण कमी करायला. लिटरला १ ते ३ ग्रॅम पुरे. ओरांडाला २ ग्रॅमने सुरुवात करा. साधं जाडं खडे मीठ घ्या, ज्यात मोकळं राहण्यासाठी काही मिसळलेलं नाही असं. एप्सम सॉल्ट वेगळं, ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, त्याने हे काम होत नाही.

त्याला वेगळ्या टबात घ्या. २० लिटर पाणी मावेल असा स्वच्छ प्लॅस्टिकचा टब, ज्यात कधी साबण वापरलेला नाही. त्यात मुख्य टँकचं नाही, तर त्याच तापमानाचं ताजं, क्लोरीन काढलेलं पाणी घ्या, कारण तुमच्या टँकमध्ये अमोनिया आहे. टँकमधला जुना स्पंज फिल्टर मात्र उचलून टबात लावा, त्यातले अमोनिया संपवणारे जिवाणू लगेच कामाला लागतील. टँकला दुसरा फिल्टर नसेल तर स्पंजचा अर्धा तुकडा कापून आणा. खडी नको, झाडं नको. लपायला पीव्हीसी पाइपचा रुंद तुकडा चालेल, कडा घासून घ्या. वर जाळी, एका बाजूला कापड.

२० लिटरला ४० ग्रॅम मीठ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, चमच्यावर जाऊ नका, जाडं आणि बारीक मीठ चमच्यात वेगवेगळं मावतं. मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं घाला. रोज ५ लिटर पाणी बदला आणि त्या ५ लिटरपुरतंच १० ग्रॅम मीठ नव्याने घाला. नुसतं पाणी आटलं असेल तर वरून गोडं पाणी घाला, मीठ आटत नाही. नाहीतर आठवड्याभरात प्रमाण दुप्पट होतं आणि लक्षातही येत नाही.

निळीशाई
सागरगोटा, छान लिहिलंत. हळदीबद्दल मी लिहिते, कारण हा प्रश्न आमच्या घरीही झाला होता.
हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. चिमूट टाकली की भुकटी तरंगते, खाली बसते, कल्ल्यांत जाते आणि सडून पाणी बिघडवते. ओंजळ, सासूबाईंना सांगा की त्यांची काळजी योग्य आहे, आपल्या जखमेवर हळद ठीक, पण माशाची जखम चोवीस तास पाण्यात असते आणि तेच पाणी त्याचा श्वासही असतो. त्यांना काही करायचंच असेल तर देशी बदामाची झाडावरून आपोआप गळलेली, वाळलेली तपकिरी पानं आणायला सांगा, रस्त्याकडेच्या धुराळ्यातली नको. धुऊन एखादं टबात टाकावं. पाणी चहासारखं होतं, त्यातलं टॅनिन जंतूंना थोडा आळा घालतं आणि अंधूक पाण्यात मासा शांत राहतो. मोठ्या जखमेवर तेवढं पुरत नाही, पण अपायही करत नाही.

ओंजळ
सकर बादलीत गेला, पंप लावला. ओरांडा टबात आहे. सासूबाई बदामाची पानं आणायला खाली गेल्या आहेत :)
कॅप्सूल आणि निळ्या औषधाचं काय करू?

सागरगोटा
कॅप्सूल राहू द्या. टेट्रासायक्लिन कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधलं जातं. आपल्या दख्खनच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे पाण्यात टाकलेल्या औषधाचा बराच भाग माशापर्यंत पोचतच नाही, आणि उजेडातही ते बिघडतं. पोचतं ते फिल्टरमधल्या जिवाणूंपर्यंत. ते मेले की अमोनिया वाढतो आणि आधीच उघड्या जखमेवर तो चढतो. डोस न मोजता दिलेल्या अँटिबायोटिकने जंतू निर्ढावतात, ते वेगळंच. खरंच गरज लागली तर पशुवैद्याला विचारून, शक्यतो खाण्यातून.

मिथिलिन ब्लू बुरशीवर ठीक आहे, तेही टबातच. टँकमध्ये टाकलंत तर फिल्टर मारेल आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करेल. तुमच्या वर्णनात मला बुरशी दिसत नाही, त्यामुळे आत्ता नको.

अमोनियाबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. २५ अंशाला पीएच ७ असेल तर मोजलेल्या अमोनियापैकी अर्धा टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो. पीएच ८ असेल तर साधारण ५ टक्के. बोअरच्या पाण्याचा पीएच बहुधा वरच असतो. म्हणून पट्टीवरचं ते ०.५ तुमच्याकडे साधं नाही. ९० लिटरमध्ये तीन गोल्डफिश आणि एक सकर, ही गर्दीच आहे.

तळ्याकाठी
एक सुचवतो. आमच्याकडे सगळे हीटर लावून पाणी ३० अंशांवर नेतात. गरम पाण्यात जखम लवकर भरते. ओंजळताईंनी तेही करावं.

सागरगोटा
इथे मी ठामपणे नाही म्हणेन. पेशी उबेत लवकर वाढतात हे खरं. पण जखमेवर बसणारा सगळ्यात वाईट पाहुणा, कॉलम्नॅरिसचा जिवाणू, उबेत त्याहून लवकर वाढतो. शिवाय २५ अंशाला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त साधारण ८.२ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला ७.५. आजारी माशाला हवा कमी आणि जंतूंना ऊब जास्त, असं होतं. गोल्डफिश तर थंड पाण्याचा मासा. त्याला आहे त्या तापमानात ठेवा, फक्त चढउतार नकोत. पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारात तापमान वाढवतात, ती गोष्ट वेगळी. ती इथे लावू नये.

आणि सगळ्यांसाठी, बुरशी आणि कॉलम्नॅरिस यातला फरक. बुरशीचे धागे अंगापासून उभे राहतात, पाण्यात कापसासारखे हलतात आणि बहुधा मेलेल्या मांसावर धरतात. कॉलम्नॅरिस सपाट, राखाडी-पांढरा, कधी पिवळट कडेचा असतो, तोंडाशी किंवा पाठीवर खोगीर ठेवल्यासारखा पसरतो आणि सकाळ-संध्याकाळमध्ये वाढलेला दिसतो. दुकानात दोन्हीला "फंगस" म्हणून एकच बाटली देतात आणि तिथेच मासे जातात. ओंजळ, ते पांढरं उद्या मोठं झालं तर लगेच लिहा. तेवढंच राहिलं तर ती बहुतेक नवी कातडी आहे. छोट्या जखमेच्या कडेच्या पेशी काही तासांतच सरकायला लागतात आणि एक-दोन दिवसांत पातळ पडदा धरतात. तो दुधाळ दिसतो.

कोयनाकाठ
बीटाडीनबद्दलही कोणीतरी विचारेलच. मोठ्या गोल्डफिशच्या किंवा कोईच्या खोल जखमेवर पातळ केलेलं बीटाडीन कापसाच्या बोळ्याने नुसतं टेकवतात. मासा ओल्या फडक्यावर, डोळ्यांवर ओलं फडकं, कल्ल्याजवळ थेंबही जाता कामा नये, लगेच टबातल्या पाण्याने धुवायचं आणि सोडायचं. दोन माणसं लागतात. या ओरांडासाठी मी ते करणार नाही. चार खवल्यांसाठी त्याला पकडण्यात जेवढी बुळबुळ जाईल तेवढं नुकसान जखमेने झालेलं नाही. डेटॉल मात्र कधीच नाही.

पाऊसवेळ
धागा वाचते आहे, मध्येच विचारते. माझ्या फायटर माशाची शेपटी चिरली आहे, रोज थोडी जास्त. मीठ द्यायचं का? परत येते का शेपटी?

निळीशाई
येते. पराचे काटे जिथून उगवतात ते मूळ शाबूत असलं की पर परत येतो. आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेकडच्या झेब्राफिशवर जगभर याचा अभ्यास चालतो. कापलेली शेपटी उबदार पाण्यात साधारण दोन आठवड्यांत भरते. नवा भाग आधी काचेसारखा पारदर्शक दिसतो, रंग मागून येतो, त्याला रोग समजू नका. फायटरचे लांब पर जास्त वेळ घेतात.
पण रोज जास्त का चिरते, ते शोधा. नायलॉनचे स्टॉकिंग प्लॅस्टिकच्या झाडावरून ओढून बघा. धागा अडकला तर शेपटीही अडकणार. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसून दिवसभर फुलारून धडकतो का? दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडणारे टायगर बार्ब मासे सोबत आहेत का? असतील तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.
मीठ लिटरला १ ग्रॅम, थोडे दिवस. टँकमध्ये कोरीडोरस, लोच यांसारखे तळाशी राहणारे मासे किंवा खरी झाडं असतील तर मीठ तिथे नको, फायटरला बरणीत घ्या.

पाऊसवेळ
तीन टायगर बार्ब आहेत. दुकानात म्हणाले होते की चालतं. आजच वेगळे करते.

सह्यवारा
माझ्या ब्लॅक मूरचा एक डोळा एकदम बाहेर आला आहे, वर पांढरी साय. हेही जखमेमुळे असेल का?

सागरगोटा
एकच डोळा असेल तर बहुधा मार. ब्लॅक मूरचे डोळे आधीच बाहेर, नजर कमी, तो दगडाला आणि फिल्टरच्या नळीला आपटतो. दोन्ही डोळे सुजले असतील तर पाणी किंवा आतला संसर्ग, तिथे जास्त काळजी. एका डोळ्यासाठी तेच करा जे वर लिहिलं आहे: वेगळा टब, स्वच्छ पाणी, थोडं मीठ, मंद उजेड. सूज उतरायला आठवडे लागतात. समजा डोळा गेला तरी मासा एका डोळ्याने नीट जगतो. खाणं त्याच्या चांगल्या बाजूला, रोज त्याच जागी टाकायचं, आणि त्याच्यासोबत चपळ मासे ठेवायचे नाहीत.

शेवाळ
इलाजावर इतकं लिहिलं गेलं, तर जखमा होऊच नयेत म्हणून मला फार जवळची वाटणारी एक गोष्ट लिहितो. दिवा.

अंधाऱ्या खोलीत टँकचा दिवा एकदम लावला की सिल्व्हर शार्क, रेनबो, मिस केरळ यांसारखे मासे दचकून सरळ काचेत किंवा झाकणात जातात. नाकाचा शेंडा सोललेले, जबडा वाकलेले सिल्व्हर शार्क किती दुकानांत दिसतात! आधी खोलीचा दिवा लावा, दहा-पंधरा मिनिटांनी टँकचा. बंद करताना उलट. काचेवर टिचक्या मारू नका आणि पाहुण्यांच्या मुलांनाही प्रेमाने थांबवा.

झाकण नसलेला टँक मला बघवत नाही. मासा उडी मारतो ती खेळ म्हणून नाही. पाणी खराब, कोणी मागे लागलंय किंवा दचकला, यातलं काहीतरी असतं. जमिनीवर पडलेला सापडला तर हात आधी ओले करा, कोरड्या कपड्याने कधी उचलू नका, ती बुळबुळ कपड्यालाच राहते. मगात टँकचं पाणी घेऊन धूळ-केस धुवा, मग टँकमध्ये सोडा, दिवे बंद. कडक झालेला वाटला तरी कल्ले ओले असतील तर प्रयत्न करा.

हीटरला जाळीचं आवरण हवं. लोच आणि सकर त्याला टेकून झोपतात आणि भाजतात, लांबट पांढरा चट्टा उठतो. फिल्टरच्या तोंडाला स्पंज. खडी अशी घ्या की एकतर माशाच्या तोंडात मावणारच नाही, नाहीतर वाळूइतकी बारीक. गोल्डफिशच्या तोंडात अडकलेला खडा हा अगदी नेहमीचा अपघात आहे.

कोयनाकाठ
पावसाळ्याचं जोडतो. पालिकेच्या पाण्याला या दिवसांत क्लोरीनचा उग्र वास येतो. न मुरवलेल्या पाण्याने कल्ले आणि कातडी भाजते, मासा खडीवर अंग घासतो आणि घासून जखम करून घेतो. लोकांना वाटतं मारामारी झाली. हायपो (क्लोरीन काढणारं औषध) घाला किंवा पाणी हवा सोडून दिवसभर ठेवा. आणि तळ्यातून आलेल्या गोल्डफिशच्या जखमेतून दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर ती जखम नसते, अँकर वर्म हा परजीवी असतो. त्यात मिठाने भागत नाही, पशुवैद्याला दाखवा.

पाऊसवेळ
विचारू की नको असं वाटत होतं. माशांना दुखतं का? मुलगा विचारतो आणि मला उत्तर येत नाही.

सागरगोटा
त्याला हो म्हणून सांगा. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या तोंड-डोक्यावर वेदनेची जाणीव घेणारे मज्जातंतू दाखवले. ओठांत ॲसिटिक ॲसिड टोचलेले मासे खाणं टाळत होते, अंग डोलवत होते, ओठ खडीवर घासत होते. मॉर्फिन दिल्यावर ते कमी झालं. त्यांची वेदना आपल्यासारखीच असते का, यावर शास्त्रज्ञ वाद घालतात. पण दुखावलेला मासा वेगळा वागतो, यात मला काही शंका उरलेली नाही.

म्हणून एक अवघड गोष्टही इथेच लिहितो. अंग उघडं पडलं आहे, मासा उलटा पडून आहे, खात नाही, सुधारणा नाही, अशा वेळी त्याला जिवंत फ्लश करणं किंवा जिवंत फ्रीजरमध्ये ठेवणं क्रूर आहे. लवंग तेलाने आधी गुंगी आणि मग जास्त मात्रेने शांत मृत्यू देता येतो. प्रमाण पशुवैद्याकडून घ्या आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही किमान अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या. मुलांपासून लपवू नका, पण बघायलाही लावू नका.

ओंजळ
सगळ्यांचे आभार. पांढरं पसरलं नाही. लाली उतरली आहे, त्या जागी फिकट पडदा आहे आणि आता कडेला काळसर व्हायला लागलंय. काळं बघून परत घाबरले. खाणं नीट आहे, काचेजवळ येतो आहे. टँकमधलं पाणीही रोज थोडं बदलते आहे, अमोनिया जवळजवळ शून्यावर आला.

निळीशाई
काळं होणं चांगलं! गोल्डफिशची जखम भरताना तिथे काळं रंगद्रव्य जमा होतं आणि काही आठवड्यांनी विरतं. अमोनियाने भाजलेली जागाही बरी होताना काळी पडते. नवे खवले यायला वेळ लागेल आणि ते जुन्यांच्या ओळीत अगदी बसणार नाहीत, कायम थोडे वेगळे चमकतील.
मीठ एकदम काढू नका. मीठ न घालता पाणी बदलत राहा, आपोआप उतरेल.

ओंजळ
आता सकरचं काय करू? बादलीत किती दिवस ठेवणार? शेजारचे म्हणाले नदीत सोडून द्या.

कोयनाकाठ
नदीत अजिबात नाही. हा दक्षिण अमेरिकेतला मासा. उजनीसारख्या जलाशयांत तो आधीच पसरला आहे. त्याचे काटे मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकतात, जाळी फाटते आणि स्थानिक माशांची जागा जाते. दुकानाला परत विचारा, नाहीतर मोठा टँक असलेला कोणीतरी शोधा.

शेवाळ
माझ्याकडे ४०० लिटरमध्ये दोन ऑस्कर मासे आहेत, सकरला जागा आहे. ऑस्कर जाड खवल्यांचे आणि स्वतःची काळजी घेणारे, त्यांना तो चिकटत नाही. चिंचवडला असाल तर रविवारी येऊन नेतो. त्याला जाळीने पकडू नका, छातीच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मोडतात. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात आडवा धरा, त्यात हाकला आणि पाण्यासकट उचला. पिशवीत भरू नका, काट्याने पिशवी फुटते. झाकणाला भोकं असलेला घट्ट डबा चालेल. आदल्या दिवशी खायला देऊ नका, म्हणजे प्रवासात पाणी घाण होणार नाही.

ओंजळ
निगडीलाच आहे. रविवारी सकाळी या, डबा तयार ठेवते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते पत्ता.